"एक दिवसाआड गोळी घेतली तर चालेल?"

हडपसर गाडीतळावरून पीएमटीनं येणाऱ्या एका ताईंनी (ओळख पटेल असे तपशील बदललेत) आमच्या एचआयव्ही उपचार केंद्रात खुर्चीत टेकता टेकताच हे विचारलं. कारण? नवी गोळी लागल्यापासून ब्लाउज उसवून उसवून संपले, शुगर निघाली आणि शेजारीण म्हणते, "सुटलीस की गं!"

हा प्रश्न हल्ली वारंवार येतो आणि त्यात आमचाही हात आहे. २००४ साली सरकारी मोफत एआरटी (एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणारी औषधं) सुरू झाली, तेव्हा माणसं निम्मी होऊन यायची. स्टॅव्ह्युडिन या जुन्या औषधानं गाल बसायचे, हातापायांच्या काटक्या व्हायच्या. काटा किलोभर पुढे सरकला की आम्हीच पेढा मागायचो. अंग भरलं म्हणजे बरं झालं, हे आम्हीच शिकवलं. आता डोलुटेग्रावीरच्या गोळीनं काहींचं वजन वाढतं, बायकांचं जरा जास्तच. पण सगळं खापर गोळीवर कसं फोडायचं? ताईंची चाळिशी उलटलेली, आईला मधुमेह, पोळीभाजी केंद्रातली नोकरी आणि रात्री अकराला जेवण.

"एक दिवसाआड नाही, रोजच," मी म्हटलं. "मध्ये खाडे केलेत तर विषाणू औषधाला जुमानेनासा होईल. शुगर आहे तिथंच राहील."

मग पिशवीतून खासगी डॉक्टरांची चिठ्ठी निघाली. शुगरची गोळी मेटफॉर्मिन, दिवसाला २००० मिलीग्रॅम.

"पोट बिघडतं का?"

"दोन महिने झाले, सारखं जावं लागतंय. तुम्हाला कसं कळलं?"

डोलुटेग्रावीरमुळे मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. दोन्ही सोबत असतील तर मेटफॉर्मिन सहसा १००० च्या वर नेत नाहीत. पण त्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगितलेलंच नव्हतं, मग त्यांनी तरी कसं ओळखावं?

आमच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी उपाशीपोटीची शुगर आणि कोलेस्टेरॉल लिहून दिलं. मी २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगितला: तुमच्या संमतीशिवाय हे कुणी बाहेर बोलू शकत नाही.

"कायदा खरा हो मॅडम, पण तिथला कंपाउंडर आमच्याच गल्लीतला आहे."

यावर मी गप्प झाले. शेवटी एका कागदावर नुसती गोळीतल्या औषधांची नावं लिहिली: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्रावीर. रोगाचं नाव नाही. त्या खासगी डॉक्टरांना तेवढ्यावरून कळेल आणि डोस तेच ठरवतील. कागद घडी घालून बटव्यात गेला.

"आणि रात्रीचं जेवण लवकर," मी आठवण केली.

"ते आमच्या मालकिणीला सांगा," म्हणत त्या हसत उठल्या.