2004 च्या झेनला दुसऱ्या गाडीचे पुढचे शॉकअप बसतील का?

तुमच्या मारुती झेनचे पुढचे दोन्ही शॉकअप तेल सोडताहेत, सर्व्हिस सेंटरमध्ये पार्ट मिळत नाही आणि मेकॅनिक दुसऱ्या गाडीचे ‘ॲडजस्ट’ करून देतो म्हणतोय. कृपा करून त्याला तूर्त थांबवा.

साधा शॉकअप नुसती उसळी आवरतो. तुमचा पुढचा मॅकफर्सन स्ट्रट आहे. ही रचना 1950 मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलमध्ये आली. तिच्यात चाकाला वरचा आर्म नसतो, ते काम शॉकअपची नळीच करते. चाक तिच्या आधाराने उभं राहतं, स्टेअरिंगबरोबर ती फिरते, ब्रेकचा जोरही सोसते. तिथे भोक मोठं करून, वॉशर घालून बसवलेला पार्ट मला अजिबात मान्य नाही.

आधी झेनचाच पार्ट बाहेरच्या बाजारात शोधा. गॅब्रिएलसारख्या कंपन्या गाड्यांच्या कारखान्यांनाही शॉकअप पुरवतात आणि दुकानांतही विकतात. दुकानात नुसतं ‘झेन’ म्हणू नका, नंतर आलेल्या झेन एस्टिलोचा पार्ट हातात पडेल. नाव सारखं असलं तरी ती गाडी वेगळी. पेट्रोल की डिझेल हेही सांगा, कारण डिझेल झेनचं इंजिन जड होतं. जुन्या नळीवरची घाण पुसून तिच्यावरच्या नंबराचा फोटो घेऊन जा. डावा-उजवा वेगळा असतो. जोडीच घ्या.

काहीच मिळालं नाही आणि दुसऱ्या गाडीचा पाहायचाच असेल, तर दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवून मोजा. नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाच्या) दोन बोल्टांमधलं अंतर, ते बोल्ट ज्यांतून जातात त्या पत्र्यांमधली फट, स्प्रिंग टेकते त्या वाटीची उंची आणि व्यास, रॉडची जाडी नि आटे, पूर्ण उघडल्यावरची आणि दाबल्यावरची लांबी, ब्रेकची रबरी नळी अडकवायची पट्टी. वाटीच्या उंचीत थोडा फरक पडला तरी गाडीची उंची बदलते. एकही माप चुकलं तर तो पार्ट परत द्या.

तेल भरून वेल्डिंग करून देणारे असतात. तसला शॉकअप पुढच्या चाकाला नको, भंगारातलाही नको, कारण त्याचं सील तुमच्या शॉकअपच्या सीलइतकंच जुनं असणार.

उघडलंच आहे तर वरचं माउंटिंग, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला की आपटू नये म्हणूनचं रबर) आणि धुळीचं रबर नवीन टाका. खडखड पुष्कळदा माउंटिंगची किंवा खालच्या आर्मच्या बुशची (सांध्यातल्या रबराची) असते, आणि बिचारा शॉकअप बदलला जातो. स्प्रिंग दाबायला नीट कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच जा. दोरी-साखळी बांधून स्प्रिंग उतरवणाऱ्याच्या जवळही उभे राहू नका, ती सुटली तर हाड मोडते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करा आणि कॅम्बरचे (चाक आत-बाहेर किती कललंय त्याचे) आकडे दोन्ही चाकांचे छापून मागा. दोन बाजूंत मोठा फरक दिसला तर नकलचे बोल्ट पुन्हा सैल करून बसवायला सांगा.