उपासनेत मन लागत नाही, तरी जायचं का?

प्रिय ताई,

आईला जाऊन वर्ष होत आलं आणि तेव्हापासून रविवारी चर्चमध्ये बसलं की आत काहीच हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. गीत सुरू झालं की शेजारून आईचा आवाज येत नाही, मग तुमचाही फुटत नाही. यजमान म्हणतात, "मन नसताना जाणं म्हणजे ढोंग. घरीच मोबाइलवर पाळकांचा संदेश ऐक, देव काय चर्चमध्येच असतो का?" आणि तुम्ही विचारताय की अशा उपासनेचा आत्म्याला लाभ तरी काय?

आधी ते ढोंगाचं मनातून काढून टाका. तुम्ही कुणाला दाखवायला जात नाही. ओंजळ रिकामी आहे हे ठाऊक असून ती देवापुढे धरता, आणि शास्त्राला अशी उपासना चांगली ओळखीची आहे. बायबलमधलं तेरावं स्तोत्र काढून बघा. दावीद राजाने देवाला 'कोठवर?' असं चार वेळा विचारलंय. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी सुटकेची एक ओळही नाही. ही स्तोत्रं उपासनेला जमलेल्या मंडळीने मिळून म्हणायची होती. म्हणजे ज्यांचं सगळं सुरळीत होतं त्यांनीही ती म्हटली, शेजारी बसलेल्या दुःखी माणसासाठी. आपल्याकडे हल्ली उपासनेत नुसता आनंदच हवा असा आग्रह वाढलाय. मला तो अजिबात पटत नाही. शोक करणाऱ्याला त्यात जागाच उरत नाही.

आता लाभाचं. मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती आठवा. कफर्णहूमातल्या त्या घरात दारापर्यंत गर्दी, म्हणून चौघांनी छप्पर उसकटलं आणि त्याला बाजेसकट खाली सोडलं. मार्क लिहितो की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. त्या बाजेवरच्या माणसाच्या तोंडचा एक शब्दही तिथे नाही. मंडळीबरोबरच्या उपासनेचा मला सर्वांत मोठा वाटतो तो लाभ हाच. आपला विश्वास आटतो तेव्हा दुसऱ्यांचा विश्वास आपल्याला उचलून प्रभूपुढे नेतो. तुम्ही गप्प असता तेव्हाही मागच्या बाकावरच्या आजी गात असतात, कुणी पापांगीकार, म्हणजे पापांच्या कबुलीची प्रार्थना, म्हणत असतं, कुणी आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करत असतं. मोबाइलवरचा संदेश जरूर ऐका. देव घरातही ऐकतो, यजमानांचं तेवढं म्हणणं खरं आहे. पण मोबाइलला तुम्ही रडताय हे कळत नाही आणि तो तुम्हाला रुमाल पुढे करत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एकत्र मिळणं सोडू नका म्हटलंय, त्याच वाक्यात एकमेकांना धीर द्या असंही आहे. ही दोन्ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

आणखी एक सांगते. उपासनेतला बराच भाग आपल्याला नुसता घ्यायचा असतो. पापक्षमेचं वचन आपल्याला ऐकवलं जातं. प्रभुभोजनात भाकर हातावर ठेवली जाते. शेवटी पाळकसाहेब हात वर करून म्हणतात, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो." बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अहरोन याजकाला शिकवलेलं हे वचन, आणि त्यात तुमच्या मनाच्या अवस्थेची काही अट घातलेली नाही. मन भरून आलं तर चांगलंच. नाही आलं तरी वचन तुमच्यावर उच्चारलं गेलंच.

माझं ऐकाल तर पुढचे काही रविवार गाण्याचा हट्ट सोडा. गीताचं पुस्तक उघडून ओळींवरून बोट फिरवत नुसतं वाचा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं घ्या. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्यांनी अभंगाच्या वळणाची भजनं आपल्या मंडळ्यांना दिली. मनातल्या मनात म्हणायलाही ती सोपी जातात. आईच्या जागेशेजारी बसवत नसेल तर बाक बदला, त्यात आईचा काही अपमान नाही. आणि पाळकसाहेबांना किंवा महिला मंडळातल्या एखाद्या जाणत्या बाईंना जे मला लिहिलंत ते तसंच सांगा. न सांगता कुणाला कळणार?

झोप, भूक, कामाची उमेद हेही गेलं असेल तर डॉक्टरांनाही भेटा. त्याने विश्वास कमी ठरत नाही.

राहिले यजमान. त्यांच्याशी वाद घालू नका. तुम्हाला रडताना बघवत नाही म्हणूनच ते घरी थांब म्हणत असावेत. त्यांना सांगा, "मला तिथे रडू आलं तरी चालेल, तुम्ही फक्त शेजारी बसा." येत्या रविवारी विचारून तर बघा.

तुमची,
ताई