सहा फुटी डिश, पत्र्याचा डबा आणि अर्ध्या एचपीचा पंप

साताऱ्याच्या सदस्यांनी विचारले आहे की, गच्चीवर पडून असलेल्या सहा फुटी डिश अँटेनाला आरशाचे तुकडे चिकटवून तिच्या नाभीवर, म्हणजे किरण एकवटतात तिथे, पत्र्याच्या डब्याचे स्टर्लिंग इंजिन (आतली हवा आळीपाळीने तापवून-निववून चालणारे इंजिन) बसवले, तर विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंप चालेल का. पंप चालणार नाही. इंजिन मात्र चालू शकेल, आणि ते कशावर अडते हे ठाऊक असल्यास पहिल्याच प्रयत्नात चालेल. मी आजवर अशी तीन इंजिने केली. त्यांतले पहिले कधीच फिरले नाही, दुसरे वीस मिनिटे फिरले आणि तिसरे अजून फिरते. या तिन्हींत सूर्याने मला कधी अडवले नाही. अडवले ते गार बाजूने, घर्षणाने आणि हवेच्या गळतीने.

आधी पंपाचा हिशेब संपवू. स्टर्लिंग इंजिनाच्या शक्तीसाठी बील यांच्या नावाचा एक ठोकताळा आहे: पिस्टनच्या एका धावेतले घनफळ घन सेंटिमीटरमध्ये, हवेचा दाब बारमध्ये आणि सेकंदाला होणारे फेरे यांचा गुणाकार करून त्याला 0.015 ने गुणले की वॅट मिळतात. 20 घन सेंमी, 1 बार आणि 5 फेरे धरले तर उत्तर दीड वॅट येते, आणि हा ठोकताळाही नीट बांधलेल्या, भरपूर तापणाऱ्या इंजिनांचा असल्याने आपल्या डब्याकडून अर्धा वॅट मिळाला तरी आनंद मानावा. अर्धा एचपी म्हणजे 373 वॅट. तुमच्या डिशएवढ्या, म्हणजे सुमारे 2.6 चौरस मीटर जागेत सौर पॅनेल लावले तर भर उन्हात 500 वॅटच्या आसपास वीज मिळते; तेव्हा पाणीच उपसायचे असेल तर तो मार्ग धरावा. जाता जाता सांगतो, अभियंते जॉन एरिक्सन यांनी 1872 च्या सुमारास अमेरिकेत आरशाने तापणारे गरम हवेचे इंजिन चालवून दाखवले होते; पुढे त्यांची पाणी उपसणारी इंजिने खपली भरपूर, पण ती कोळशावर आणि गॅसवर.

आता इंजिनाकडे वळू. 75 मिमी व्यासाचा पत्र्याचा डबा, आत स्टील वूल घट्ट गुंडाळून केलेला डिस्प्लेसर आणि शक्ती घेण्यासाठी काचेची सिरिंज, ही माझ्या तिसऱ्या इंजिनाची रचना आहे. डिस्प्लेसर आणि डबा यांमध्ये सगळीकडे एक ते दीड मिमी फट ठेवावी. डिस्प्लेसर हवेला एका टोकाकडून दुसरीकडे ढकलतो, स्वतः शक्ती देत नाही, म्हणून घासता कामा नये. त्याची धाव 25 मिमी धरली तर घनफळ 110 घन सेंमी भरते. दोन्ही टोकांत 200 अंशांचा फरक असेल तर शक्तीच्या पिस्टनचे घनफळ याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असावे. हात सैल सोडून मोठा पिस्टन लावला की इंजिन हमखास बंद पडते. सिरिंजचा दट्ट्या हाच आपला शक्तीचा पिस्टन; माझ्या सिरिंजचा आतला व्यास 30 मिमी आहे आणि धाव 28 मिमी घेतली आहे. सिरिंज घेताना दुकानातच पारखावी: दट्ट्या वर ओढून तोंडावर अंगठा दाबला तर तो अधांतरी राहावा किंवा अगदी सावकाश उतरावा, आणि अंगठा काढताच स्वतःच्या वजनाने खाली यावा. यातली एक जरी गोष्ट होत नसेल तर ती सिरिंज परत द्यावी. तिला तेल लावू नये, ते चिकट होते. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते. डिस्प्लेसर आणि पिस्टन ज्यांना जोडतात त्या चाकावरच्या दोन क्रँकमध्ये (फिरत्या भुजांमध्ये) 90 अंशांचे अंतर ठेवावे, डिस्प्लेसर पुढे आणि पिस्टन मागे.

माझे पहिले इंजिन अ‍ॅल्युमिनियमच्या जाड डब्याचे होते, आणि तिथेच सगळे बिनसले. एक मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची भिंत 8 सेंमी लांबीत, 200 अंशांच्या फरकाने, गरम टोकाकडून गार टोकाकडे शंभराहून जास्त वॅट उष्णता परस्पर पोहोचवते, 0.2 मिमीचा पोलादी पत्रा त्याच मापात सहा वॅटच नेतो. दुसऱ्या इंजिनाच्या तळाचा जोड मी सोल्डरने केला होता. सोल्डर साधारण 185 अंशांना वितळते, हे मला ठाऊक असूनही वीस मिनिटे इंजिन पळताना पाहून मी खूश होतो. तळाशी दुमडून दाबलेला कारखान्याचा जोड असलेला डबाच वापरावा. वरच्या, गार झाकणाला उष्णता सोसणारे लाल सिलिकॉन चालते.

गार बाजूकडे मात्र तुम्ही प्रश्नात पाहिलेलेच नाही. झाकणावर एक लिटर पाणी ठेवले आणि त्यात 100 वॅट उष्णता उतरली, तर ते पाणी 30 वरून 70 अंशांवर जायला अर्धा तासही लागत नाही. तोवर इंजिन मंदावते आणि आपण उगाच आरसे पुसत बसतो. म्हणून झाकणावर पाण्याचे बंद कवच बसवून त्याला इंजिनापेक्षा उंच ठेवलेल्या बादलीशी दोन नळ्यांनी जोडावे. गरम पाणी आपोआप वर चढते, गार खाली येते.

डिश पूर्ण मढवू नका. 1300 वॅटच्या आसपास उष्णता डब्याच्या तळावर आली तर तो लाल होऊन जळेल. डिशच्या खालच्या भागात 5 सेंमी बाजूचे शंभर तुकडे लावा. त्यातून 120 ते 130 वॅट मिळतात आणि सुरुवातीला तेच भरपूर आहेत. सपाट आरशाचा कवडसा साधारण त्या तुकड्याएवढाच पडतो, त्यामुळे 10 सेंमीचे तुकडे लावले तर प्रकाश डब्याबाहेर सांडेल. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे 70 सेंमी नाभ्यंतरावर (डिशच्या मध्यापासून नाभीपर्यंतच्या अंतरावर) कवडसा 12 मिमी हलतो. डिशचा फिरता अक्ष दक्षिणोत्तर ठेवून त्याचे उत्तरेचे टोक साताऱ्यासाठी पावणेअठरा अंश उचलले, तर दिवसभर एकाच दिशेने ढकलत राहणे पुरते.

हे सगळे जोडण्याआधी इंजिन घरातच स्पिरिटच्या दिव्यावर फिरवून पाहावे. ज्योतीवर जे फिरत नाही ते उन्हात फिरणार नाही, आणि उन्हात चुका शोधताना डोळे दिपतात. डिशजवळ वेल्डिंगचा काळा चष्मा लावूनच जावे, आणि काम थांबताच तिच्यावर गोणपाट टाकावे. माझ्या डिशने एकदा शेजारची वाळत घातलेली गोधडी जाळली आहे, इंजिन त्या वेळी घरात होते.