तक्ता पानात मावेना
(वाचकांचे प्रश्न : संगणक)

या महिन्यात बहुतेक पत्रे वर्डमधल्या टेबलाबद्दलची आहेत. उत्तरे विंडोजवरच्या वर्डला धरून दिली आहेत. टेबलात कर्सर ठेवला की वरच्या पट्टीत उजवीकडे 'लेआउट' टॅब उगवतो, नव्या आवृत्त्यांत त्याचे नाव 'टेबल लेआउट'. खाली 'लेआउट' म्हटले आहे ते यालाच. कागदाचे माप ठरवणारा 'लेआउट' निराळा. 'टेबल प्रॉपर्टीज' ही खिडकी टेबलावर राइट क्लिक करूनही उघडते. आणि काहीही दुरुस्त करायला घेण्याआधी 'होम' टॅबमधले उलट्या इंग्रजी पी सारखे दिसणारे बटण दाबा. मग जास्तीचे एंटर, स्पेस आणि पेज ब्रेक उघडे पडतात. निम्मे रोग तिथेच दिसतात.

प्रश्न : हजेरीपत्रकासाठी ३१ दिवसांचे ३१ कॉलम केले. ९ तारखेपर्यंत ठीक दिसते; १० पासून प्रत्येक आकडा तुटतो, १ वर आणि ० खाली. अक्षर लहान करूनही फरक नाही. शिवाय एखाद्या मुलाचे लांबलचक नाव टाइप केले की शेजारचे कॉलम आक्रसतात. (शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : आधी जागेचा हिशेब करू. ए-४ कागद आडवा धरला की रुंदी २९.७ सेंमी. दोन्ही बाजूंचा समास १.२७ सेंमी ठेवला, तर टेबलाला २७.१६ सेंमी मिळतात. अनुक्रमांकाला १, नावाला ५.२, दिवसांना प्रत्येकी ०.६ प्रमाणे १८.६ आणि एकूण हजेरीला १.२ सेंमी दिले तर बेरीज २६ होते. म्हणजे कागद पुरतो. गोम सेलच्या, म्हणजे टेबलातल्या एकेका चौकटीच्या, आतल्या समासात आहे. वर्ड प्रत्येक सेलला डावीकडे ०.१९ आणि उजवीकडे ०.१९ सेंमी मोकळी जागा न विचारता ठेवते. ०.६ मधून हे ०.३८ गेले की आकड्याला उरतात जेमतेम ०.२२ सेंमी. दहा पॉइंटाच्या दोन अंकांना साडेतीन-चार मिलिमीटर लागतात, म्हणून एक अंक मावतो आणि दुसरा खाली पडतो. अक्षर लहान करून हे सुटायला ते इतके बारीक करावे लागेल की भिंग लागेल.

टेबल प्रॉपर्टीजमध्ये 'टेबल' टॅबवर 'ऑप्शन्स' दाबा. तिथे 'डिफॉल्ट सेल मार्जिन्स'मध्ये डावे आणि उजवे ०.०५ करा. त्याच खिडकीत खाली 'ऑटोमॅटिकली रीसाइझ टु फिट कंटेंट्स' अशी खूण असते, ती काढून टाका. लांब नावामुळे बाकीचे कॉलम आक्रसतात ते या खुणेमुळेच. ती असेपर्यंत तुम्ही भरलेली रुंदी ही वर्डच्या लेखी नुसती विनंती असते.

खूण निघाल्यावरच रुंद्या भरा. दिवसांचे ३१ कॉलम एकत्र निवडा, टेबल प्रॉपर्टीजच्या 'कॉलम' टॅबमध्ये 'प्रेफर्ड विड्थ' ०.६ सेंमी लिहा, मग नावाचा, अनुक्रमांकाचा आणि एकूणचा कॉलम एकेक करून. माउसने रेघा ओढून ३१ कॉलम सारखे करायला बसू नका, एखादा मिलिमीटरभर चुकतोच. माप इंचात दिसत असेल तर आकड्यामागे 'सीएम' ही इंग्रजी अक्षरे जोडून लिहा, वर्डला ते कळते.

आता नावे डाव्या रेघेला चिकटलेली दिसतील. नावांचा कॉलम निवडून 'सेल' टॅबवरच्या 'ऑप्शन्स'मध्ये जा, 'सेम ॲज द होल टेबल'ची खूण काढा आणि फक्त डावा समास ०.१५ द्या. एवढे करूनही आकडे तुटले तर परिच्छेदाचा इंडेंट, म्हणजे ओळीच्या कडेला सोडलेली जागा, पाहा. मजकुराला पहिल्या ओळीचा इंडेंट लावायची सवय असेल तर तो टेबलातही शिरतो. सगळे टेबल निवडून 'पॅराग्राफ' खिडकीत डावा-उजवा इंडेंट शून्य आणि 'स्पेशल'मध्ये 'नन' करा.

वारांची नावे उभी हवी असतील तर ते सेल निवडून 'लेआउट'मधले 'टेक्स्ट डिरेक्शन' दाबा. दर दाबण्याला मजकूर वळतो. त्या रोला (आडव्या ओळीला) उंची मात्र तुम्हीच द्यायची, २ सेंमी पुरे.

प्रश्न : सोसायटीच्या सभासदांची यादी तीन पाने होते. पहिल्या पानावरचे शीर्षक पुढच्या पानांवर यावे म्हणून 'रिपीट हेडर रोज' दाबले, पण येत नाही. (सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे)

उत्तर : चार कारणे तपासा. पहिले, ही आज्ञा टेबलाच्या अगदी पहिल्या रोपासूनच चालते. 'सभासद यादी' अशी एक रो वर असेल आणि 'अ.क्र., नाव, सदनिका' दुसऱ्या रोमध्ये असेल तर दोन्ही रो एकत्र निवडून बटण दाबायचे. नुसती दुसरी निवडून चालत नाही. दुसरे, टेबल प्रॉपर्टीजमध्ये 'टेक्स्ट रॅपिंग' 'अराउंड' झालेले असेल. कोपऱ्यातली चार बाणांची खूण धरून टेबल थोडे जरी सरकवले तरी ते आपसूक 'अराउंड' होते आणि शीर्षकाची पुनरावृत्ती थांबते. ते 'नन' करा.

तिसरे कारण यादीत सर्वांत जास्त सापडते : पान बदलावे म्हणून कोणीतरी टेबलाच्या मधोमध कंट्रोल आणि एंटर दाबलेले असते. त्या ठिकाणी टेबलाचे दोन तुकडे होतात, आणि दुसऱ्या तुकड्याला पहिल्याचे शीर्षक ठाऊक नसते. खुणा दाखवणारे बटण दाबले असेल तर तो पेज ब्रेक दिसेल. तो आणि त्याच्याजवळचे रिकामे परिच्छेद डिलीट केले की तुकडे पुन्हा जोडले जातात. एखादी विंग नव्या पानावरच सुरू व्हायला हवी असेल तर त्या रोमध्ये कर्सर ठेवून 'पॅराग्राफ' खिडकीतल्या 'लाइन अँड पेज ब्रेक्स'मध्ये 'पेज ब्रेक बिफोर' निवडा, टेबल अखंड राहते. चौथे कारण म्हणजे दृश्य. पुन्हा येणारी शीर्षके फक्त 'प्रिंट लेआउट'मध्ये दिसतात.

जाता जाता, एकाच सभासदाची माहिती दोन पानांत विभागली जात असेल तर यादी निवडून 'रो' टॅबवर 'अलाउ रो टु ब्रेक अक्रॉस पेजेस'ची खूण काढा. ठरावांच्या तक्त्यात मात्र ही खूण राहू द्या. तिथे एकेक सेल अर्धे पान खातो, आणि खूण काढली की अख्खी रो पुढच्या पानावर उडी मारते, मागे पांढरे पान सोडून.

लिब्रेऑफिस रायटर वापरत असाल तर 'टेबल प्रॉपर्टीज'मधल्या 'टेक्स्ट फ्लो' टॅबवर 'रिपीट हेडिंग' आहे. किती रो पुन्हा यायच्या तेही तिथेच लिहायचे.

प्रश्न : टेबलातल्या मराठी मजकुराच्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून. बाहेरच्या मजकुराला असे होत नाही. इंग्रजी टेबलही नीट छापते. (टंकलेखक, नांदेड)

उत्तर : रोची उंची 'एक्झॅक्टली' झालेली आहे, किंवा ओळींतले अंतर. इंग्रजी अक्षरांना वर-खाली कमी जागा लागते म्हणून तिथे ही चूक झाकली जाते. 'र्की' किंवा 'द्धू' आले की उघडी पडते. टेबल निवडून 'रो' टॅबवर 'रो हाइट इज' याच्यापुढे 'ॲट लीस्ट' करा. मग 'पॅराग्राफ'मध्ये 'लाइन स्पेसिंग' पाहा. १२ पॉइंट अक्षराला 'एक्झॅक्टली १२' असेल तर कापले जाणारच. 'सिंगल' करा. छापील नमुन्याच्या चौकटीत मजकूर बसवायचा असल्याने उंची पक्कीच ठेवायची असेल, तर अक्षर ११ वर आणा आणि ओळीला १८ पॉइंट देऊन एक छापून बघा. फाँटगणिक हा आकडा बदलतो. मंगलला जितकी उंची लागते तितकी प्रत्येक देवनागरी फाँटला लागत नाही. त्यामुळे तुमच्याकडे नीट बसलेला तक्ता, तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर एका पानाचा दीड पान होतो. असा तक्ता पाठवताना पीडीएफ करूनच पाठवलेला बरा.

प्रश्न : मुलीचा लग्नासाठीचा बायोडाटा करत आहे. 'नाव', 'रास', 'नक्षत्र', 'देवक' यांच्यापुढची विसर्गचिन्हे स्पेस देऊनही एका रेषेत येत नाहीत. फोटो टाकला की सगळे विस्कटते. आणि मजकूर एका पानाचा असून शेवटी कोरे पान निघते. (गृहिणी, पुणे)

उत्तर : स्पेसबारने रेषा जुळत नाही, कारण मराठी फाँटात प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. बिनरेघांचे टेबल करा. ए-४ उभ्या कागदावर नेहमीचा २.५४ सेंमी समास धरला तर १५.९२ सेंमी मिळतात. चार कॉलम : शीर्षकांना ४.३, दोन टिंबांना ०.६, माहितीला ७, फोटोला ४. वर सांगितलेली आपोआप रुंदी बदलण्याची खूण इथेही काढायचीच, नाहीतर फोटो टाकताच त्याचा कॉलम फुगतो आणि माहितीचा आक्रसतो. शेवटच्या कॉलमातले वरचे सहा-सात सेल 'मर्ज सेल्स'ने एक करा आणि फोटो त्यात घाला. फोटोचे 'रॅप टेक्स्ट' 'इन लाइन विथ टेक्स्ट' असावे, रुंदी ३.५ सेंमी. फोटोची नुसती पट्टी दिसली तर त्या सेलमधले ओळींचे अंतर 'एक्झॅक्टली' आहे, 'सिंगल' करा.

रेघा काढताना 'बॉर्डर्स'मधून 'नो बॉर्डर' निवडा. पांढरा रंग देऊन लपवू नका, मागे रंगीत किंवा गणपतीची नक्षी असलेले पान घेतले की त्या पांढऱ्या रेघा उमटतात. काम करताना चौकटी दिसाव्यात म्हणून 'लेआउट'मधले 'व्ह्यू ग्रिडलाइन्स' चालू ठेवा, त्या छापल्या जात नाहीत.

कोऱ्या पानाचे असे, की वर्डमध्ये फाइलच्या शेवटी असलेल्या टेबलाखाली एक रिकामा परिच्छेद असावाच लागतो. तो डिलीट होत नाही. टेबलाने पान पूर्ण भरले की तो पुढच्या पानावर ढकलला जातो. तो परिच्छेद निवडा, अक्षराचे माप १ करा, 'पॅराग्राफ'मध्ये आधीची-नंतरची जागा शून्य आणि ओळींतले अंतर 'एक्झॅक्टली १ पॉइंट'. तरीही पान गेले नाही तर खालचा समास दोन-तीन मिलिमीटरने कमी करा.

प्रश्न : न्यू जर्सीहून नातेवाइकांनी पाठवलेली फाइल इथे ए-४ वर छापली की टेबलाची उजवी बाजू समासात जाते. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अमेरिकेत लेटर कागद, २१.५९ सेंमी रुंद. आपला ए-४ २१ सेंमी. कागद बदलला तरी सेंमीत बांधलेले टेबल तेवढेच राहते. 'लेआउट'मध्ये 'ऑटोफिट'खाली 'ऑटोफिट विंडो' निवडा. तरी डावीकडे सरकलेले दिसले तर टेबल प्रॉपर्टीजमधला 'इंडेंट फ्रॉम लेफ्ट' शून्य करा. उंचीत मात्र ए-४ जास्त आहे, पानांचे तुटणे बदलेल.

प्रश्न : एका कॉलमची रेघ ओढली तर एकाच सेलची सरकते, बाकीच्या जागेवर. टेबल दातेरी झाले आहे. (वाचक, मडगाव)

उत्तर : ओढताना तो सेल निवडलेला होता. कुठेही काही निवडलेले नसताना रेघ ओढली की पूर्ण कॉलम सरकतो. झालेले दातेरी टेबल पूर्ण निवडून 'डिस्ट्रिब्यूट कॉलम्स' दाबा, सगळे समान होतील. मग 'कॉलम' टॅबमधून हव्या त्या रुंद्या भरा. मधे मर्ज केलेले सेल असतील तर आधी 'स्प्लिट सेल्स'ने सोडवा.

प्रश्न : फाइल टेबलानेच सुरू होते. वर शीर्षक लिहायला जागाच नाही. (वाचक, जळगाव)

उत्तर : पहिल्या सेलमध्ये पहिल्या अक्षराच्या आधी कर्सर नेऊन एंटर दाबा. वर एक ओळ मोकळी होते.