वणवे, कोरडी हवा आणि काजूच्या बागा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे आम्ही सत्तरीकरांनी डोळ्यांनी पाहिले. ते माणसांनीच लावले, असे गावात सगळे म्हणत होते. दुसरीकडे अमेरिकेतील पार्क विल्यम्स यांच्यासारखे शास्त्रज्ञ वणव्यांचा संबंध हवामानबदलाशी जोडतात. आग माणूस लावत असेल, तर हवामानाला दोष कशासाठी द्यायचा?
– एक शिक्षिका, वाळपई

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. ठिणगी कुठून आली, हा एक. आणि पडलेली ठिणगी जागच्या जागी का विझली नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा माणूस हेच असते, आणि ते केवळ आपल्याकडेच खरे आहे असे नाही. जेनिफर बाल्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १९९२ ते २०१२ या काळातील वणव्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ८४ टक्के वणवे माणसामुळे लागल्याचे आढळले. विल्यम्स यांचे संशोधन ही गोष्ट नाकारत नाही. ते दुसऱ्या प्रश्नाचा माग घेते.

जॉन अबाट्झोग्लू आणि पार्क विल्यम्स यांनी २०१६ साली पश्चिम अमेरिकेतील जंगलांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जंगलातील इंधन, म्हणजे गवत, पाने, काटक्या आणि लाकूड, गेल्या काही दशकांत किती कोरडे झाले आणि त्यात माणसाने घडवलेल्या तापमानवाढीचा वाटा किती, हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी त्यांनी प्रत्यक्ष नोंदींमधून ही वाढ वजा करून, ती झालीच नसती तर हवा कशी राहिली असती याचे चित्र मांडले आणि दोन्हींची तुलना केली. १९८४ ते २०१५ या काळात तापमानवाढीमुळे सुमारे ४२ लाख हेक्टर जंगल जास्तीचे जळाले, म्हणजेच ती नसती तर जेवढे जळाले असते त्याच्या जवळपास दुप्पट क्षेत्र आगीत सापडले, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे जास्तीचे क्षेत्रच गोवा राज्याच्या अकरापटींहून मोठे आहे. हवामानातील नैसर्गिक चढउतार आणि वर्षानुवर्षे प्रत्येक आग विझवत राहिल्याने साठत गेलेले इंधन, ही कारणेही त्याच निबंधात मान्य केलेली आहेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

या गणिताच्या मुळाशी असलेली गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती सत्तरीच्या डोंगरातही तशीच घडते. हवा जितकी तापते तितके अधिक बाष्प ती सामावून घेऊ शकते; दर एक अंश सेल्सिअसमागे ही क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हवेत मावू शकणारे बाष्प आणि प्रत्यक्षात असलेले बाष्प यांच्या दाबातील फरकाला बाष्पदाबाची तूट म्हणतात. समजा, तापमान ३० अंश आहे आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्के. हवेतील बाष्प तेवढेच राहून तापमान ३५ अंशांवर गेले, तर आर्द्रता सुमारे ३० टक्क्यांवर उतरते आणि बाष्पदाबाची तूट मात्र दीडपट होते. श्रावणात दोन दिवस ओलसर राहणारे कपडे मार्चच्या दुपारी तासाभरात वाळतात ते या तुटीमुळेच, आणि जंगलातील पातेऱ्याचेही, म्हणजे जमिनीवर पडलेल्या सुक्या पानापाचोळ्याचेही, तेच होते.

पातेरा किती लवकर वाळतो, यावर बरेच काही ठरते. सुके गवत आणि पाने साधारण तासाभरात भोवतालच्या हवेइतकी कोरडी होतात. बोटाएवढ्या काटकीला दहा तास लागतात. मांडीएवढ्या ओंडक्याला हजार तास, म्हणजे चाळीस दिवसांहून अधिक. त्यामुळे एखादी तापलेली दुपार जमिनीवरच्या पातेऱ्याला पेट घेण्याजोगा करते, पण फेब्रुवारीपासूनच उष्मा टिकून राहिला तर आडवे पडलेले ओंडकेही आतून सुकतात. मग संध्याकाळी विझल्यासारखी दिसणारी आग ओंडक्याच्या पोटात धुमसत राहते आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याबरोबर पुन्हा उठते.

आता २०२३ कडे पाहा. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार त्या वर्षीच्या फेब्रुवारीत देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सर्व फेब्रुवारींमध्ये सर्वाधिक होते. त्यापाठोपाठ मार्चच्या पहिल्या आठवड्यात म्हादईच्या जंगलात ठिकठिकाणी आगी लागल्या आणि नौदल व हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकण्यासाठी बोलवावी लागली. जमिनीवर मात्र वनरक्षक आणि गावकरी उतारावर उभे राहून ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत होते, आणि अशा डोंगरात शेवटी याच कामाला पर्याय नसतो. त्या वणव्यांचे सगळे खापर हवामानबदलावर फोडणे योग्य होणार नाही आणि ज्याने काडी ओढली त्याची जबाबदारीही त्याने कमी होत नाही. परंतु दवाने भिजलेल्या पातेऱ्यात जी काडी चार पावलांवर विझली असती, तीच वाळून कोळ झालेल्या पातेऱ्यात पडली की आग डोंगर चढून जाते. गावकऱ्यांचे म्हणणे आणि शास्त्रज्ञांचे म्हणणे एकमेकांविरुद्ध उभे करण्यात आपण फार वेळ दवडतो, असे मला मनापासून वाटते. दोन्ही खरे आहेत आणि दोन्हींवर काम करावे लागेल.

प्रश्न : जगात दरवर्षी आगीत सापडणारे एकूण क्षेत्र घटत आहे, असे वाचले. मग वणवे वाढत असल्याचे कसे म्हणता येईल?
– पदवीचा विद्यार्थी, फोंडा

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. नील्स अँडेला आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवले की, १९९८ ते २०१५ या काळात जगातील जळणारे क्षेत्र जवळपास एक चतुर्थांशाने घटले. ही घट मुख्यतः गवताळ प्रदेशांत झाली, विशेषतः आफ्रिकेत, कारण तिथल्या माळरानांवर शेती आली. गवत जळाले तरी पुढच्या पावसात पुन्हा उगवते आणि हवेत गेलेला बराचसा कार्बन परत शोषून घेते. जंगलाला त्यासाठी अनेक दशके लागतात. म्हणून केवळ हेक्टर मोजून भागत नाही. मॅथ्यू जोन्स यांच्या गटाने २०२४ मध्ये मांडले की, २००१ ते २०२३ या काळात जंगलांतील वणव्यांमधून होणारे कार्बनचे उत्सर्जन ६० टक्क्यांनी वाढले आणि त्यातील मोठा वाटा उत्तरेकडील थंड प्रदेशांतील जंगलांचा होता. कॅनडात २०२३ च्या एकाच हंगामात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले.

प्रश्न : आमच्याकडे काजूचे बोंडू गळायला लागण्यापूर्वी झाडांखालचा पातेरा जाळण्याची रीत आजोबांच्या काळापासून आहे. आता आम्हालाच गुन्हेगार ठरवले जाते. आम्ही काय करावे?
– काजू बागायतदार, सत्तरी

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. झाडाखालची जागा साफ नसेल तर गळलेला बोंडू आणि बी दिसत नाही, सापकिरड्याचे भय असते आणि रान काढायला मजूर मिळत नाहीत. ही रीत आळसातून आलेली नाही. पण ज्या हवेच्या भरवशावर आजोबा पातेरा पेटवत होते, ती हवा आता तशी राहिलेली नाही. घाटापलीकडून येणारा कोरडा पूर्वेचा वारा जोरात असतो त्या दिवशी समुद्राकडचे खारे वारे उशिरा पोहोचतात, आणि तोवर बागेच्या कडेची आग जंगलात शिरलेली असते. अभयारण्यात आग लावण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि राखीव जंगलात १९२७ च्या वन कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे.

जंगलाचे नुकसान पहिल्या वर्षी डोळ्यांत भरत नाही. ऐनासारख्या, म्हणजे आपल्या माट्टीसारख्या, झाडांची साल जाड आणि भेगाळलेली असल्याने जमिनीलगतची आग ती सोसतात. सदाहरित झाडांपैकी अनेकांची साल पातळ असते. बुंध्याशी आच लागली की ती हळूहळू मरतात, वरचे छत उघडे पडते, खाली ऊन पोहोचते आणि तिथे रानमोडी हे झुडपी तण माजते. रानमोडी उन्हाळ्यात वाळते, म्हणजे पुढच्या वणव्याचे इंधन तयार होते.

तेव्हा शक्य तितका पातेरा गोळा करून काजूच्याच आळ्यात आच्छादन म्हणून घालावा. जमिनीची ओल टिकते आणि कुजून खतही होते. मात्र बुंध्याला तो भिडवू नये. बाग आणि जंगल यांच्यामधली पट्टी फेब्रुवारीपूर्वीच झाडून मोकळी करावी, आणि शेजारच्या बागायतदारांनी ती एकत्र केली तर मजुरीचा भारही वाटला जातो. स्वतःच्या जमिनीत उरलेला पातेरा जाळण्यावाचून गत्यंतर नसेल, तर आधी वनरक्षकाला आणि शेजाऱ्यांना सांगून, जंगलापासून दूर, दव असलेल्या सकाळी, लहान ढीग करून आणि पाणी हाताशी ठेवून तो जाळावा, आणि राख पूर्ण गार होईपर्यंत तिथून हलू नये.