फिराले गेलो अन् उपाशी आलो

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की नवराबायको दोघं मिळून कुठं फिरून आलात ते लिहा. पत्रं भरपूर आली, पण गंमत म्हणजे जागेबद्दल चार ओळी अन् जेवणाबद्दल दोन पानं. धबधबा कसा होता ते कोणाला धड आठवत नाही, त्या दिवशी रश्श्यात मीठ किती होतं अन् कोण कोणावर तडकलं ते मात्र सगळ्यांना पाठ. तर यावेळचं सदर खाण्यावरच. नाव छापू नका असं बहुतेकींनी लिहिलंय (घरातले पण हेच मासिक वाचतात म्हणे), म्हणून फक्त गाव देते.

प्रश्न: ताई, आम्ही श्रावणात गाडीवर चिखलदऱ्याले गेलो. मी म्हटलं डबा घेऊ, तं आमचे हे म्हणे काहाले, बाहेर मस्त खाऊ. गावाबाहेर पोह्याची गाडी दिसली तं म्हणे आत्ताच तं निघालो. परतवाड्यात म्हणे आधी घाट चढून घेऊ, वर निवांत जेवू. वर पाह्यलं तं ही गर्दी, जिथं जावं तिथं "अर्धा तास लागन". चार वाजेपर्यंत एक भाजलेलं कणीस अन् चहा, अन् धुक्यात भीमकुंडही दिसलं नाही. येताना मी एक शब्द बोलले नाही तं यांनी घरी आल्यावर आईले सांगितलं, तिले थंडी बाधली. काय करू? — दर्यापूर तालुका

उत्तर: थंडी नाही बाई, तुला भूक बाधली. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं अन् मग त्या कुंडात हात धुतले असं आपल्याकडं सांगतात, त्या भीमाला कोणी चार वाजेपर्यंत एका कणसावर ठेवून पाहायचं होतं, मग कळलं असतं.

आता कामाचं सांगते. गाडी ज्याच्या हातात असते त्याला पुढचा धाबा नेहमी मागच्यापेक्षा चांगला वाटतो, अन् मागं गेलेल्या धाब्यावर परत वळायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटतो, हे सगळ्या घरी सारखंच आहे, तुझेच वेगळे नाहीत. म्हणून जेवायची जागा घरून निघतानाच ठरवायची अन् ती जागा परतवाडा. ते घाटाखालचं शेवटचं मोठं गाव, तिथून धामणगाव गढीवरून जा की घटांगवरून, मधात पोटभर जेवायला मिळेलच याची खात्री नाही. वर अकराशे मीटरच्या वर चढलेलं एवढंसं गाव, विदर्भाचं एकच थंड हवेचं ठिकाण, त्यामुळं पावसाळ्यातल्या रविवारी अमरावती, अकोला, नागपूर सगळेच तिकडं, हॉटेलवाल्याच्या शेगड्या मात्र तेवढ्याच. त्यात प्रत्येक जण गरम पोळी मागतो.

वरच जेवायचं असलं तर पोचल्या पोचल्या, पॉइंट पाहायच्या आधी, एखाद्या खानावळीत सांगून टाकायचं की दोघांचं पिठलं-भाकर एक वाजता ठेवा अन् थोडे पैसे पण हातावर ठेवायचे, मग फिरायचं. गाविलगड पाहायचा असला तर जेवून जायचं कारण आत पायपीट बरीच आहे अन् १८०३ साली इंग्रजांनी भोसल्यांकडून घेतलेल्या त्या किल्ल्यात आज खायला काही मिळत नाही. अन् मोथा गावाच्या बाजूनं गेलात तर गवळ्यांकडचं दूध-खवा आहे, रबडी आहे, ती खाल्ली की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. धुक्याचं म्हणशील तर ते एका जागी बसत नाही, दहा-पंधरा मिनिटं कठड्याजवळ थांबलं की मधात सरकतं अन् धबधबा दिसतो, पण उपाशी माणूस दहा मिनिटं थांबत नाही, तो "चल, काही दिसत नाही" म्हणतो अन् चालू पडतो. पुढच्या वेळी धपाटे, फल्लीची चटणी अन् ठेचा पिशवीत टाक, कोणाला विचारू नको. सगळ्यात आधी हात कोणाचा येतो ते पाह्य फक्त.

प्रश्न: मी अकोल्याकडची, सासर साकोलीजवळ. आमच्या यांना भात नसला तर जेवल्यासारखंच वाटत नाही. फिरायला गेलो की मला भाकर पाहिजे, यांना भात, अन् धाब्यावर भात सगळ्यात शेवटी येतो, तोपर्यंत हे नुसते वाटीत चमचा फिरवत बसतात. माझ्या माहेरी आले तेव्हा दोन भाकरी, भाजी, वरण सगळं खाऊन आईला विचारलं, "जेवण केव्हा आहे जी?" आई अजून तेच सांगते सगळ्यांना. — भंडारा जिल्हा

उत्तर: तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा, मी पण आता सगळ्यांना हेच सांगणार आहे.

त्यांचा दोष नाही हो. झाडीपट्टीत, म्हणजे तुमच्या सासरच्या त्या पूर्व विदर्भात, पाऊस जास्त, गावोगाव तलाव, कोहळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या बांधलेले, त्या पाण्यावर धान. तिकडं सकाळी भात, संध्याकाळी भात, पोळी म्हणजे पाहुणा आला तर. तुमच्या वऱ्हाडात काळी कसदार माती, पाऊस कमी, म्हणून कापूस, तूर अन् ज्वारी, तर ताटात भाकर. एकाच विदर्भातले दोघं, पण तुमच्या लग्नात जमीनच वेगवेगळी आली. तेव्हा धाब्यावर बसल्या बसल्या पहिली ऑर्डर भाताची द्यायची, भाजी मागाहून. पोऱ्या जरा विचित्र पाहील, पाहू द्या. दोघांचं एकात भागवायचं असलं तर वडाभात, डाळींच्या भरड्याचे वडे भातात कुस्करायचे अन् वरून लाल मिरचीच्या फोडणीचं गरम तेल. ते खाताना भाकरीची आठवण मला तरी येत नाही.

अन् त्यांना हिवाळ्यात माहेरी न्याच, पण घरात नाही, वावरात. हुरड्याच्या दिवसांत किंवा रोडग्याच्या कार्यक्रमाला. जाडसर कणकेचे पदर घालून वळलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरतात, वरून काळे पडले की काठीनं उकरून काढायचे, जुन्या धोतराच्या फडक्यात घालून दोघांनी दोन टोकं धरून झुलवायचे म्हणजे राख झडते, मग हातानं दाबला की भेगा पडतात अन् आतून वाफ येते, त्या भेगांत तूप, त्यावर वरण अन् बाजूला भरताच्या नाही तर रश्श्याच्या वांग्याचा ढीग. फडक्याचं एक टोक जावयाच्या हातात द्या. तिथं भात मागणारा जावई अजून मी पाहिला नाही.

परतफेड म्हणून तुम्ही पण दिवाळीनंतर त्यांच्याकडची मंडई (म्हणजे गावची जत्रा) अन् झाडीपट्टीचं नाटक पाहा. वडसा म्हणजे त्या नाटकांची राजधानीच समजा, होळीपर्यंत हंगाम चालतो. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत, मंडपाबाहेर चहा-भज्यांच्या गाड्या, थंडीत शाल एकच नेली तर जास्त बरं. खाली अंथरायला मात्र काही न्या.

प्रश्न: बायको धाब्यावर मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, वेटर तीनदा येऊन जातो, शेवटी म्हणते "तुम्हाला जे पाहिजे ते मागवा, मला भूक नाही", अन् मग माझ्या ताटातली अर्धी भाजी खाते. — पुसद

उत्तर: मग तिला आवडते तीच भाजी "मला खायची आहे" म्हणून मागवत जा, एवढं साधं आहे.

मेनूकार्डाचं म्हणाल तर रस्त्यावरच्या धाब्यांवर त्याला काही अर्थ नसतो. पनीरची आठ नावं अन् ग्रेव्ही दोनच, एक लाल, एक पांढरी, वरून सांबार (कोथिंबीर) पेरला की झाली वेगळी भाजी. त्यापेक्षा सरळ आत डोकावून विचारायचं, भाऊ, आता ताजं काय आहे? शेवभाजी असेल, हिवाळ्यात भरीत असेल, कुठं पाटोडीचा रस्सा असेल, तेच खायचं. पोळीपण तव्यावरची विचारा, तंदूरची रोटी गार झाली की बोलणंच बंद, दात त्यातच गुंततात. अन् सावजीच्या हॉटेलात बसून "कमी तिखट करा" म्हणू नका, तो मसाला आधीच वाटून शिजून बसलेला असतो, विणकर हलबा कोष्टी घरांतलं ते जेवण, खसखस, दगडफूल, काळी मिरी सगळं त्यात उतरलेलं. वरची तर्री बाजूला काढून द्यायला सांगा, तेवढं ते आनंदानं करतात.

प्रश्न: लग्नाचा वाढदिवस म्हणून वाघ पाहाले ताडोब्याले गेलो, मंगळवार होता, गेट बंद. यांनी मलेच विचारलं, तुले माहीत नव्हतं का? — वणी तालुका

उत्तर: गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं अन् १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यात पण, अन् चालू असलं तरी सफारीचं बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं. हे दोघांपैकी कोणी पाहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी त्या भांडणात पडत नाही. पण तसेच तोंड पाडून वापस आलात हे चुकलं. चंद्रपूर तिथून जवळच, गोंड राजांच्या वेळचा परकोट, जटपुरा गेट, अंचलेश्वर, महाकालीचं दर्शन, अन् मग शहरात बसून निवांत जेवण, वाढदिवस झाला असता. वाघाचं काय, बुकिंग करून गेलेल्यांनाही कधी कधी नुसती हरणंच दिसतात.

प्रश्न: लग्नानंतरची पहिली ट्रिप. ठरली दोघांची, निघालो सासूबाई, आत्या, नणंद, तिची दोन पोरं अन् आम्ही. शेगाव, मग लोणार. गाडीत मी मागच्या सीटवर पिशव्यांसोबत. दोघांचा एक फोटो नाही. प्रत्येक ठिकाणी आत्याबाई म्हणत, बाहेरचं खाऊ नका, अन् कचोरी सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्ली. — मेहकरकडची एक सून

उत्तर: शेगावात जाऊन कचोरीला नाही म्हणणं आत्याबाईंना तरी कसं जमणार. मुगाच्या डाळीचं ते सारण, सोबत तळलेली मिरची, हात आपोआप जातो. पण शेगावला जेवायचं ते संस्थानचा महाप्रसाद, रांग लांब दिसते पण सरकते पटापट. १८७८ साली गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना, तिथं बसून "भाजी फिकी आहे" असं कोणाच्याच तोंडून निघत नाही. एवढ्या माणसांचं एका वेळेस बिनतक्रार जेवण झालं असं ठिकाण तुमच्या त्या ट्रिपमध्ये दुसरं कोणतं होतं सांगा.

आता दोघांच्या वेळेचं. ती लोणारला होती अन् तुम्ही घालवली. मोठ्यांना गावातलं दैत्यसूदन मंदिर दाखवायचं, भिंतीवरची शिल्पं पाहत त्या आरामात वेळ काढतात, नंतर धार नावाच्या झऱ्याजवळ सावलीत बसवायचं, अन् "खाली खूप पायऱ्या आहेत, तुमचे गुडघे दुखतील" म्हणून तुम्ही दोघं सरोवराकडं उतरायचं. उल्का आदळून झालेला तो खड्डा जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आहे, कडेनं झाडी, जुनी मंदिरं, मोर, माणूस कमी. नणंदेची पोरं मागं लागतीलच, त्यांना आधीच काहीतरी खायला देऊन वर गुंतवा. मे महिन्यात मात्र सकाळी सातच्या आतच उतरा, अन् पाणी वरून न्या, ते सरोवराचं पाणी खारट, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं ते खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळंच. चढून येताना दम लागतो, तेव्हा फोटो उतरतानाच काढून घ्या, येतानाचे कोणी कोणाला दाखवत नाही.

प्रश्न: फिरायचं राहू द्या ताई, आमचं रोजचंच सांगते. सकाळी विचारते भाजी काय करू, तर म्हणतात काहीही कर. वावरातून येतात, एका हातात मोबाइल, एका हातात घास, अन् मग ताटाकडं पाहून, "आज पण वांगंच?" — आर्वी तालुका

उत्तर: विचारणं बंद करा. "काहीही कर" हे उत्तर ज्याला रोज फुकटात देता येतं तो दुसरं उत्तर कशाला शोधेल? वांगं स्वस्त असलं तर वांगंच होणार, त्यांना सांगा की भाव तुम्हीच पाहा मंडईत.

मोबाइलचं मी काही सांगत नाही, सांगून बंद होत नाही. वरणफळं करा, तूप घालून खळखळती वाढा, एका हातानं खाता येत नाहीत. अन् आठवडी बाजाराच्या दिवशी भाजी त्यांनी ठरवायची, त्यांनीच आणायची अन् निवडून पण द्यायची. पहिल्या बाजाराला मोठ्या हौसेनं मेथीच्या चार जुड्या येतील, रात्री निवडत बसतील. दुसऱ्या बाजाराला बटाटे येतील. येऊ द्या, बटाट्याची करा, अन् तुम्हीच विचारा, आज पण बटाटेच?