टॅम्पाला घर घ्यायचंय, हरिकेनची कितवी कॅटेगरी सोसेल?

अमेरिकेत फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टॅम्पा परिसरात घर घेताय आणि अलीकडे तिथे कोणती हरिकेन (तिकडची तीव्र चक्रीवादळं) आली, कितव्या कॅटेगरीपर्यंत निर्धास्त राहता येईल, असं विचारलंय. कॅटेगरीवरून (१ ते ५) हे ठरवू नका. ती फक्त वाऱ्याचा वेग सांगते. पाणी किती चढेल ते सांगत नाही.

२००५ च्या विल्मानंतर जवळपास अकरा वर्षं फ्लोरिडाला एकही हरिकेन धडकलं नाही. २०१६ च्या हर्मीनने ती शांतता मोडली. मग २०१७ ला इर्मा, २०१८ ला मायकल (मेक्सिको बीच, कॅटेगरी ५), २०२२ ला इयान आणि निकोल, २०२३ ला इडेलिया. २०२४ मध्ये तर डेबी, हेलीन, मिल्टन अशी तीन.

तुमच्यासाठी महत्त्वाची आहेत ती हेलीन आणि मिल्टन. २६ सप्टेंबरला हेलीन टॅम्पाच्या उत्तरेला, पेरी गावाजवळ किनाऱ्याला लागलं. त्याचा डोळा (वादळाचं केंद्र) टॅम्पापासून दीडशे किलोमीटरहून दूर, समुद्रातून गेला, तरी खाडीलगतच्या हजारो घरांत खारं पाणी शिरलं. तेरा दिवसांनी मिल्टन कॅटेगरी ३ असताना टॅम्पाच्या दक्षिणेला, सिएस्टा की बेटाला धडकलं. तेव्हा टॅम्पाच्या खाडीतलं पाणी उलट ओसरलं, पण शेजारच्या सेंट पीटर्सबर्गला पावसाने झोडपलं. पाणी ओसरण्याचं कारण साधं आहे. उत्तर गोलार्धात ही वादळं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. पश्चिम किनाऱ्यावर डोळा तुमच्या दक्षिणेला लागला तर वारा पाणी बाहेर ओढतो, उत्तरेला लागला तर आत ढकलतो. इयानच्या वेळीही टॅम्पाची खाडी रिकामी झाली आणि दक्षिणेकडच्या फोर्ट मायर्स बीचवर १० ते १५ फूट पाणी चढलं. त्याआधी अंदाजात बरेच दिवस टॅम्पाच होतं. थोडक्यात हुकलेल्या वादळाला घराची मजबुती समजू नका.

कोकणातल्या निसर्ग चक्रीवादळाशी आकडे जुळवणार असाल तर एक लक्षात ठेवा: आपलं हवामान खातं तीन मिनिटांची सरासरी धरतं, अमेरिकेत एका मिनिटाची. त्यामुळे तिथला आकडा थोडा जास्तच दिसतो.

घर पाहताना पत्ता दोन नकाशांवर तपासा. इव्हॅक्युएशन झोन कधी निघायचं ते सांगतो (ए झोन सगळ्यात आधी), फ्लड झोन विम्यासाठी असतो. लोक यांतच गफलत करतात. २००२ नंतरच्या बांधकाम नियमांनी बांधलेलं घर वाऱ्याला बरंच टिकतं, पण जोतं बुटकं असेल तर पाणी आत येणारच. म्हणून एलिव्हेशन सर्टिफिकेट (घर किती उंचीवर आहे त्याचा दाखला) मागाच. पुराचा विमा दावा पूर्वी केला होता का, हे सांगणं ऑक्टोबर २०२४ पासून विक्रेत्याला कायद्याने बंधनकारक आहे.

नेहमीच्या घरविम्यात पूर धरलेला नसतो. सरकारी पूरविमा इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर देतो आणि सहसा तीस दिवसांनी लागू होतो. वादळ दिसल्यावर काढून उपयोग नाही. हरिकेनचा डिडक्टिबल (नुकसानीतला तुम्ही सोसायचा वाटा) सहसा टक्क्यांत असतो, तोही विम्याच्या रकमेवर: चार लाख डॉलरचा विमा असलेल्या घराला २ टक्के म्हणजे पहिले ८,००० डॉलर तुमचे.

जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब ठेवा, गॅरेजमध्ये कधीच नको. वादळ गेल्यावर त्याच्या धुराने माणसं दगावतात. निघायचा आदेश आला तर शेजारच्या जॉर्जिया राज्यापर्यंत पळू नका. इर्माच्या वेळी महामार्ग तुंबले, पेट्रोल संपलं. दहा-वीस मैल आत, झोनबाहेरच्या पक्क्या घरात सोय आधीच विचारून ठेवा.